‘घरघर’चा चौथा अर्थ

ज्या गृहस्थाला ‘छोटी एसयूव्ही’ हा शब्दप्रयोगच मान्य नाही, त्यानेच छोटी एसयूव्ही विकत घ्यायला निघावे, हा योग दुर्मीळ खरा. पण शब्दकोशाच्या संपादकांवर तो आला. शोरूममध्ये पाऊल ठेवल्यापासून विक्रेत्या मुलीशी त्यांचे याच मुद्द्यावर जुंपले होते.

“हे पाहा,” ते म्हणाले, “एसयूव्ही म्हणजे, तुमच्याच पत्रकाप्रमाणे, दणकट, ऐसपैस, वाट्टेल त्या रस्त्यावर चालणारी गाडी. बरोबर?”

“हो सर.”

“आणि छोटी म्हणजे छोटीच.”

“हो सर.”

“मग छोटी ऐसपैस गाडी म्हणजे काय? वदतोव्याघात झाला हा.”

व्याघात हा गाडीत उद्भवणारा एखादा बिघाड असावा अशा समजुतीने मुलगी घाईघाईने म्हणाली, “नाही सर, आमच्या गाडीत तो प्रॉब्लेम येतच नाही. आणि आला तरी वॉरंटीत कव्हर होतो.”

संपादकांनी डोळे मिटून घेतले. मग पत्रकावरच्या पुढच्या शब्दावर बोट ठेवून त्यांनी विचारले, “आणि ही ‘परवडणारी’. कोणाला परवडणारी?”

“ते तुमच्यावर आहे, सर,” मुलगी म्हणाली. आणि या उत्तरात काही खोट काढता येईना म्हणून ते पहिल्यांदाच गप्प बसले.

संपादकांची पन्नाशी उलटली होती. निम्मे आयुष्य एका मोठ्या शब्दकोशाच्या कामात गेले होते. कार्यालयातील मंडळी त्यांना पाठीमागे ‘शुद्धिपत्र’ म्हणत. हे त्यांच्या कानावर आले होते. परंतु मंडळी या शब्दातला ‘द्धि’ ऱ्हस्व लिहितात की दीर्घ, एवढीच त्यांना चिंता होती. वाद घालणे हा त्यांचा स्वभाव नव्हता, असे ते स्वतः म्हणत, आणि कोणी तसे नाही म्हटले तर तासभर वाद घालून ते सिद्ध करीत.

घरही त्यांनी कोशाप्रमाणेच नीटनेटके राखले होते. निदान तशी त्यांची समजूत होती. संध्याकाळी ते दारातून आत येत तेव्हा पत्नी हातात वर्तमानपत्र घेऊन बसलेली असे. दिवसभर चष्म्याचे दुकान सांभाळून ती त्यांच्या आधी घरी पोहोचत असे. मुलगी पुस्तकात डोके घालून बसलेली असे. आणि नाना, म्हणजे संपादकांचे वडील, खिडकीजवळच्या आरामखुर्चीत डोळे मिटून पडलेले असत. चौकट करून भिंतीवर लावावे असे दृश्य. फक्त चित्राला आवाज नसतो, तसा याही दृश्याला नव्हता.

यात काही वावगे आहे हे त्यांच्या ध्यानातही आले नसते. पण समोरच्या दंतवैद्यांनी एका सकाळी सहज विषय काढला.

“तुमच्या घरी काय हसतात हो संध्याकाळी! माझ्या खुर्चीतल्या पेशंटला ‘आ करा’ म्हणावं लागत नाही. तुमच्याकडचं ऐकून तोच आ करून हसतो.”

“आमच्याकडे?” संपादक म्हणाले. “आपली काही तरी ऐकण्यात गफलत होत असेल.”

“दातांचा डॉक्टर असलो म्हणून कान गेलेले नाहीत,” दंतवैद्य म्हणाले. “तुमच्याकडेच. रोज.”

ती गोष्ट संपादकांच्या मनाला लागली. आपल्या घरात हसणे आहे, ते रस्ता ओलांडून परक्या माणसाच्या दवाखान्यात जाते आणि आपल्याच वाट्याला येत नाही! त्या दिवसापासून त्यांना एकच लालसा लागली: ते हसणे एकदा ऐकायचे. त्यांनी प्रयत्नही करून पाहिला. जेवताना एक विनोद सांगितला आणि तो नीट कळावा म्हणून त्यातील श्लेष फोड करून समजावला. सभेत आभारप्रदर्शन संपल्यावर लोक हसरा चेहरा करतात, तसा चेहरा तिघांनीही केला.

अशात जुनी डिझेल गाडी वरचेवर मान टाकू लागली. दुरुस्ती करणाऱ्याने हात टेकले. त्या रात्री जेवायला बसताना संपादकांनी गंभीर स्वरात जाहीर केले, “आपल्या गाडीला घरघर लागली आहे.”

मुलीला ठसका लागला. पाणी नाकात गेले. नाना ताटावर इतके वाकले की त्यांचा चेहरा दिसेना, आणि पत्नी “मीठ आणते” म्हणून उठली ती मीठ टेबलावरच असताना स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ आली नाही.

“यात खोकण्यासारखं काय आहे?” संपादकांनी विचारले. “घरघर म्हणजे एक, जात्याचा आवाज, दोन, घशातून येणारा आवाज, तीन, अखेरची अवस्था. मी तिसऱ्या अर्थानं म्हणतोय.”

“हो बाबा,” मुलगी डोळे पुसत म्हणाली, “तिसऱ्याच.”

मग त्यांनी काम हाती घेतले. डिझेल हा पूर्वपक्ष, वीज हा उत्तरपक्ष, अशी मांडणी केली. पूर्वपक्ष दुबळा नव्हता. डिझेलची गाडी मैलोन्मैल धावते, टाकी भरायला चहा पिण्याइतकाही वेळ लागत नाही, चढाला दम सोडत नाही. पण हे सारे दूर जाणाऱ्याला. संपादक घर ते कार्यालय आणि कार्यालय ते घर एवढेच जात. आणि नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी जी जाळी असते ती अशा तुटपुंज्या फेऱ्यांनी तुंबते, असे त्यांच्या वाचनात आले होते. उलट विजेची गाडी घरच्या घरी, मोबाइल लावावा तशी रात्री लावली की सकाळी तयार. घ्यायला महाग, पण चालवायला स्वस्त. ना धूर, ना वास, ना आवाज. निकाल उघड होता. घरच्यांनी मान हलवायची तेवढी बाकी होती.

रविवारी सकाळी त्यांनी निकाल वाचून दाखवला. मान कोणीच हलवली नाही.

“डिझेलच बरी,” पत्नी म्हणाली.

संपादकांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिले. जुन्या गाडीत बसताना नाकाला रुमाल लावल्याखेरीज ही बाई लग्नापासून कधी बसली नव्हती.

“अगं, तुला तो वास सहन होत नाही ना?”

“सवय झालीय. आता वास नसला तर चुकल्यासारखं होईल.”

“विजेचा काय भरवसा, बाळ?” आरामखुर्चीतून नाना म्हणाले. आयुष्यभर जमिनीची मोजणी केलेले हे गृहस्थ विजेबद्दल मत देताना आजवर कोणी ऐकले नव्हते. “पावसात शॉक बसला म्हणजे?”

“नाना, तसा शॉक बसत नाही. सगळं बंदिस्त असतं.”

“बंदिस्त असतं ते उघडतं कधी तरी.”

संपादकांनी आशेने मुलीकडे पाहिले. ती महाविद्यालयात पर्यावरणच शिकत होती. गेल्याच महिन्यात धुराच्या दुष्परिणामांवर बोलून तिने बक्षीस आणले होते.

“बाबा,” मुलगी खाली बघत म्हणाली, “डिझेलला एक... व्यक्तिमत्त्व असतं.”

“व्यक्तिमत्त्व?”

“म्हणजे, ती येतेय हे कळतं. विजेची गाडी कशी चोरासारखी येते.”

पत्नीने तिला टेबलाखालून पाय मारला. तो चुकून संपादकांना लागला.

एरवी असा वाद म्हणजे त्यांना मेजवानी. त्यांनी एकेक मुद्दा घेऊन त्याचा भुगा केला. पण प्रत्येक मुद्दा पडला तरी तिघेही तसूभर हलेनात. एखाद्या शब्दाचे रूप समोर असावे, अर्थही कळावा, पण मूळ काही केल्या सापडू नये, तसे त्यांना झाले. या आग्रहाची व्युत्पत्ती लागेना.

शोरूमची मुलगी दुसऱ्या दिवशी नवी डिझेल गाडी दाखवायला घरी घेऊन आली. पत्नीने रंग पाहिला नाही, डिकी पाहिली नाही. इंजिन सुरू करायला लावून ती कान देऊन उभी राहिली आणि तिचा चेहरा उतरला.

“एवढाच आवाज?”

“हो मॅडम,” मुलगी अभिमानाने म्हणाली. “आता डिझेल गाड्याही खूप शांत झाल्यात.”

“जरा जास्त आवाजाची नाही का एखादी?”

विक्रीच्या धंद्यात असा प्रश्न त्या मुलीला कोणी विचारला नसावा. तिने संपादकांकडे पाहिले. संपादकांनी आकाशाकडे पाहिले.

“त्या वळणावरनं इथे ऐकू येईल का?” आरामखुर्ची सोडून दारापर्यंत आलेल्या नानांनी विचारले.

“नाही आजोबा. एवढ्या लांबून कसं येईल?”

“मग उपयोग काय?” असे म्हणून नाना आत निघून गेले.

अखेर शोरूमच्या मुलीने तोडगा काढला. दुसऱ्या दिवशी तिने थेट कार्यालयात येऊन विजेची गाडी दिवसभरासाठी संपादकांच्या हवाली केली; घरी याचा कोणाला पत्ता नव्हता. “चालवून बघा सर. मग बोलू.”

घराच्या अलीकडे रस्ता एकाच वेळी वळतो आणि चढतो. जुनी गाडी तिथे आली की संपादकांना दुसरा गिअर टाकावा लागे. मग ती खाकरे, थरथरे, आणि आपल्या संसाराचे सगळे नटबोल्ट मोजत वर येई. त्या संध्याकाळी विजेची गाडी वळणावर आली आणि, काही झालेच नाही अशा थाटात, वर आली. फ्रीज सुरू असल्याचे कळावे इतकी बारीक गुणगुण. संपादकांनी गाडी उभी केली, दार हलकेच लावले, कारण एवढ्या शांततेत ते आपटणे असभ्य वाटले, आणि तीन पायऱ्या चढून व्हरांड्यात बूट काढायला वाकले.

आणि त्यांना हसणे ऐकू आले.

दंतवैद्य अतिशयोक्ती करीत नव्हते. ते पोट धरून हसणे होते. मध्येच विझणारे आणि कोणा एकाच्या फिसकन हसण्याने पुन्हा पेटणारे. उघड्या खिडकीतून सगळे दिसत होते. पत्नी भांड्यातूनच चमच्याने काही तरी खात होती. नानांच्या एका हातात पत्ते होते, आणि ज्या लोणीदार बिस्किटांना डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती त्यातले एक त्यांच्या चहात अर्धे बुडालेले होते. मुलगी टेबलावर मांडी घालून बसली होती.

“मग ती बाई,” पत्नी सांगत होती, “तीन चष्मे लावून बघते आरशात, आणि मला विचारते, ‘यातल्या कुठल्यात मी कमी रागीट दिसते?’ मी म्हटलं, ‘चौथा दाखवते.’”

पुन्हा हशा. वाकलेल्या अवस्थेतच संपादकांच्या ओठांचे कोपरे हलले.

“अगं, घरघर आली का बघ,” नाना बिस्किटाचा दुसरा घास घेत म्हणाले.

“नाही आली अजून. आली की वळणावर ऐकू येईलच की.” मुलगी टेबलावरून उडी मारून उभी राहिली. “थांबा, त्या दिवशी मी बरोबर गेले होते ते शोरूममधले बाबा राहिले!”

तिने आजोबांचा चष्मा नाकाच्या टोकाला लावला, पाठीमागे हात बांधले, मान किंचित तिरकी केली. संपादक चकित झाले. आपण मान तिरकी करतो हे त्यांना ठाऊक नव्हते; पण ती मान आपलीच आहे याविषयी त्यांना शंका उरली नाही.

“‘हे पाहा,’” मुलगी घसा साफ करून म्हणाली, “‘छोटी ऐसपैस गाडी म्हणजे काय? हा वदतो-आघात झाला!’”

पत्नी हसता हसता टेबलावर आडवी झाली. इथे दुसरा कोणीही बाप एक तर हळूच मागे फिरला असता किंवा संतापून आत शिरला असता. संपादकांना हे दोन्ही जमण्यासारखे नव्हते. एक बूट हातात, एक पायात, अशा स्थितीत ते खिडकीतून उद्गारले:

“व्याघात! आघात नव्हे. आघात म्हणजे मार!”

घर गोठले.

“तो बसलाच म्हणायचा,” नाना पुटपुटले.

पुढचे दृश्य, आजवर ज्याचा फक्त शेवट त्यांच्या नजरेला पडत असे ते, संपादकांनी प्रथमच आरंभापासून पाहिले. पत्नीने भांडे सोफ्याखाली सरकवले आणि वर्तमानपत्र उघडले. ते उलटे होते. मुलीने हाताला आले ते पुस्तक उघडले. तो पाककृतींचा संग्रह होता. नानांनी बिस्कीट अख्खेच तोंडात कोंबले, पत्ते मांडीखाली घातले आणि डोळे मिटले. गाल मात्र फुगलेलेच राहिले. वळणावरून दारापर्यंतच्या वेळात जे सफाईने होत असे, ते आज एका क्षणात उरकताना साऱ्यांची त्रेधा उडाली.

संपादक आत आले. बसले. हातातला बूट त्यांनी मांडीवर ठेवला.

“घरघर म्हणजे काय?” त्यांनी विचारले.

या प्रश्नाचे उत्तर त्यांना कोणी द्यावे, असा प्रसंग पूर्वी आला नव्हता. तिघांनी एकमेकांकडे पाहिले. उत्तर द्यायला नानांना आधी बिस्कीट गिळावे लागले.

“तुझी गाडी, बाळ. वळणावर आली की घरघरते. मग आम्ही म्हणतो, घरघर आली.”

“आणि मग?”

“मग आवरतो.”

“किती वर्षं?”

“मी लहान होते ना, तेव्हापासून,” मुलगी म्हणाली. “मला वाटायचं, ‘बाबा’ला दुसरा शब्दच घरघर आहे.”

पत्नीने वर्तमानपत्र खाली ठेवले. “अहो, वाईट नका वाटून घेऊ. तुम्ही आलात की... म्हणजे, कुणी वाक्य बोललं की तुम्ही ते दुरुस्त करून परत देता. हसता हसता परत घ्यायचं कसं?”

संपादकांना यावर एक प्रतिवाद सुचला. तो चांगला होता. त्यांनी तो गिळला. बिस्कीट गिळण्यापेक्षा ते अवघड गेले असावे.

“ते पुन्हा कर,” ते मुलीला म्हणाले. “शोरूमचं.”

मुलगी उभी राहिली. चष्मा लावला, मान तिरकी केली, “हे पाहा,” म्हणाली, आणि थांबली. हात खाली पडले. “नाही जमत, बाबा. तुम्ही समोर असलात की नाही जमत.”

हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात त्यांनी ‘घरघर’ची नोंद काढून पाहिली. तीन अर्थ होते. चौथा त्यांना ठाऊक होता. वापरणारे तिघे होते, वापर रोजचा होता, आणि ज्याच्यावरून तो शब्द पडला त्याला सोडून सर्वांना तो कळत होता. पण छापील आधार मिळाल्याशिवाय नवा अर्थ घ्यायचा नाही, हा नियम त्यांनीच घातलेला. त्यांनी नोंद होती तशी ठेवली आणि शोरूमला फोन केला.

“विजेचीच घेतोय,” संध्याकाळी त्यांनी घरात सांगितले. आपले सरकार पडल्यासारखे तिघांचे चेहरे झाले. “थांबा. मी वळणावर हॉर्न वाजवीन.”

“हॉर्न?”

“रोज. म्हणजे तुम्हाला आवरायला वेळ मिळेल.”

मग पत्नीतला दुकानदार आधी सावरला. “किती वेळा?”

“एकदा.”

“एकदा नाही पुरणार. नानांचे पत्ते असतात.”

“बरं, दोनदा.”

“आणि गाडी लावून जरा बसून राहत जा आत,” नाना डोळे न उघडता म्हणाले. “नवी गाडी आहे. बसावं माणसानं.”

करार झाला. गाडी आली. वळणावर संपादक दोनदा हॉर्न वाजवत, गाडी उभी करीत, आणि काच खाली करून बसून राहत. हॉर्न झाला की आतले हसणे नळ बंद केल्यासारखे थांबे. खुर्च्या सरकत, भांडी वाजत, मग शांतता. त्या शांततेत ते आत जात. वर्तमानपत्र सुलटे असे. घर पूर्ववत झाले होते, आणि ते पूर्ववत झाल्याचेच त्यांना वाईट वाटे. फक्त आता निदान हसण्याचे शेपूट तरी ऐकायला मिळे. तेवढ्यासाठी ते कार्यालयातून जरा लवकर निघू लागले.

दंतवैद्यांनी तक्रार केली. “अहो, वळणावर चिटपाखरू नसतं. हॉर्न कुणासाठी?”

“घरच्यांसाठी,” संपादक म्हणाले.

“त्यांना काय सांगायचं असतं?”

“की मी येतोय. आणि घाई नाही.”

हे बोलून गेल्यावर स्वतः त्यांनाही थोडे नवल वाटले. जुनी गाडी न विचारता चुगली करीत असे. हॉर्न ते स्वतः वाजवत होते.

घरातही हा फरक कोणाच्या तरी ध्यानात आला असला पाहिजे. एका संध्याकाळी पत्नी वर्तमानपत्र घ्यायचे विसरली, आणि भांडे मांडीवरच राहिले. संपादकांनी भांड्याकडे पाहिले, मग छताकडे पाहिले, आणि कपडे बदलायला आत गेले. दुसऱ्या एका संध्याकाळी नानांच्या मांडीखालून चौकटचा राजा डोकावत होता. “नाना, राजा पडेल,” एवढेच ते म्हणाले. मुलगी त्यांच्यासमोर एकदा “माझी मदत कर” असे बोलून गेली. ‘मला मदत कर’ हे शब्द त्यांच्या दातांपर्यंत आले. त्यांनी दात आवळले. समोरचा दवाखाना जवळच होता, ही त्यातल्या त्यात सोय.

मग एकदा त्यांनी वळणावर नेहमीप्रमाणे दोनदा हॉर्न वाजवला, गाडी लावली, काच खाली केली आणि थांबले.

हसणे थबकले. कुठलीशी खुर्ची किंचित सरकली. मग नानांचा आवाज आला:

“बाळच आहे. चालू दे.”

आणि हसणे पुन्हा सुरू झाले.

संपादकांनी काच वर केली. मग उतरले, गाडीचे दार अगदी हळू लावले, व्हरांड्यात दोन्ही बूट काढले, जागेवर ठेवले, आणि आत गेले. नानांचे बिस्कीट चहात होते आणि तिथेच राहिले. मुलगी टेबलावर मांडी घालून बसली होती. पत्नी दुकानातल्या कोणा गिऱ्हाइकाची गोष्ट सांगत होती. सांगणे न थांबवता तिने पायाने एक खुर्ची त्यांच्याकडे ढकलली. गोष्टीतल्या एका वाक्यात कर्ता एकवचनी आणि क्रियापद अनेकवचनी होते.

संपादक खुर्चीत बसले. त्यांनी मान किंचित तिरकी केली.

“मग?” ते म्हणाले. “पुढे काय झालं?”